कारणाचा रकाना

वायर नीट गुंडाळून कीबोर्डवर ठेवलेली होती. सकाळी पावणेदहाला तो तिसऱ्या मजल्यावरच्या नकाशे विभागात शिरला तेव्हा त्याला सगळ्यात आधी दिसली ती ही वायर. रागानं उपटलेली वायर कशी दिसते हे त्याला ठाऊक होतं. कार्यालयातले संगणक सांभाळण्याच्या वीस वर्षांच्या नोकरीत त्यानं ओढलेल्या, तुडवलेल्या, एकदा तर कात्रीनं कापलेलीही पाहिली होती. ही तशी नव्हती. तिचे चार सारखे वेढे घेतलेले होते आणि टोक आत खोचलेलं होतं. पाहुणा जाताना आपलं अंथरूण आपणच घडी करून ठेवतो, तसं काहीतरी. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली. नकाशेवाल्या बाई खिडकीशी उभ्या होत्या, पर्स अजून खांद्यालाच. "मीच काढला प्लग," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळी पाच पस्तीसला. अपडेट चालू होतं, मला माहीत होतं." पुढे काही नाही. चुकलं म्हणाल्या नाहीत, की तुमच्या मशीनचंच काहीतरी बिघडलंय असंही म्हणाल्या नाहीत. या दोन्ही वाक्यांची त्याला सवय होती आणि दोन्हींना त्याच्याकडे तयार उत्तरं होती. त्यानं वायर सोडवली, प्लग लावला, बटण दाबलं. आतला पंखा फिरला, पडदा काळा झाला आणि डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. ती काही पुढे सरकेना. "बघतो," तो म्हणाला आणि खोका उचलून जिना उतरू लागला. अर्ध्यात त्याच्या लक्षात आलं की आपण ती वायरही बरोबर आणलीय, एका हातानं ती पुन्हा तशीच गुंडाळू पाहतोय, आणि ते चार वेढे काही आपल्याला सारखे घेता येत नाहीयेत.

शहराच्या पाणी खात्याचं हे कार्यालय. जमिनीखालून कुठली नळवाहिनी कुठून जाते, कुठं वळते, कुठल्या झाकणाखाली कुठला व्हॉल्व्ह आहे, हे सगळं तिसऱ्या मजल्यावर काढलं जायचं. नकाशेवाल्या बाई सोळा वर्षं तेच काढत होत्या. आधी कागदावर, मग पडद्यावर, आणि दर वर्षी नव्यानं सही होणाऱ्या कंत्राटावर. त्याची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. चौसष्ट मशीन त्याच्या ताब्यात. ताब्यात हा शब्द त्याला आवडायचा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मशीन बंद करताना पडदा विचारायचा, अपडेट आत्ता करू की नंतर? आणि सगळे जण 'नंतर' दाबायचे. लोकांना ते बटण दरवाज्याच्या कडीसारखं झालं होतं, न बघता हात तिथंच जायचा. वसुली विभागातल्या एकानं चारशे अकरा दिवस रोज संध्याकाळी 'नंतर' दाबलं, आणि मग एका मंगळवारी त्याच मशीनमधून व्हायरसची घाण आत शिरली आणि दुपारपर्यंत सगळ्या इमारतीच्या फायली कुलूपबंद झाल्या. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत एका भागात मोठी वाहिनी फुटली आणि व्हॉल्व्ह नेमका कुठं आहे ते सांगायला नकाशा नव्हता. माणसं कुदळी घेऊन अंदाजानं खणत होती आणि पाणी लोकांच्या घरात शिरत होतं. सगळ्यांनी त्यालाच धारेवर धरलं. चारशे अकरा दिवसवाल्यानंसुद्धा. सगळं निस्तरल्यावर त्यानं शांतपणे ते बटण काढून टाकलं. मशीन बंद करा म्हटलं की अपडेट असेल तर ते आपोआप सुरू होणार, पडद्यावर 'अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका' असं येणार, आणि काम झालं की ते आपणहून मिटणार. विचारणंच नाही. त्या दिवशी घरी जाताना त्याला हलकं वाटलं होतं. लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घेतल्यावर वाटतं तसं. तेव्हा त्याला ही उपमा फार चपखल वाटली होती, आणि त्यानं ती दोघातिघांना ऐकवलीही होती.

साहेबांनी दुपारीच बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. फक्त कुठलाही प्रश्न त्यांना कागदावर उतरल्याशिवाय खरा वाटत नसे. "सूचना समोर दिसत असताना मुद्दाम प्लग काढला," ते म्हणाले, "कबूलही करतायत. आठ दिवसांचं काम त्या मशीनवर होतं. शुक्रवारपर्यंत तुझा अहवाल दे, मी कारणे दाखवा नोटीस काढतो. महिनाअखेर कंत्राट संपतंय त्यांचं, तेव्हा काय ते ठरवू." काय ते ठरवू म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. तो 'बरं' म्हणाला. अहवालात लिहिण्यासारखं सगळं सरळ होतं, चार ओळींचं काम. खाली येऊन त्यानं डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली आणि फायली एकेक करून वाचवायला सुरुवात केली. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती. ती बघता बघता त्याच्या मनात एकसारखं येत राहिलं की पाच पस्तीसला, प्लग हातात घेतल्यावर, घाईत असलेल्या माणसानं वायर गुंडाळायला चार सेकंद का काढले असतील.

घरी बाबा भाजी निवडत बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण बोटं अजून शिवणाऱ्याची. शेंगेचा दोरा काढताना उसवल्यासारखा एका ओढीत काढायचे. चाळीस वर्षं त्यांनी टेलरचं दुकान चालवलं. आता दुकान नव्हतं, पण मोजपट्टी गळ्यात नसली तर त्यांना उघडंउघडं वाटायचं, म्हणून ती असायची. घरात ते दोघंच. आई जाऊन बारा वर्षं झाली होती, त्याचं लग्न झालं नव्हतं आणि तो विषय आताशा दोघांनीही न बोलता फडताळात ठेवून दिला होता. "डॉक्टरांचा काही फोन?" बाबांनी विचारलं. ते रोज विचारत. "नाही. सोमवारी जायचंच आहे. सूज आहे म्हणाले ना, छोटंसं काहीतरी करतील आणि घरी पाठवतील." हेही तो रोज म्हणायचा. सूज नव्हती. आतड्यात गाठ होती आणि ती चांगली नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावून ते सांगितलं होतं. ऑपरेशन मोठं होतं, वय बघता धोका होता, तरी महिन्याभरात करून घ्या म्हणाले होते, आणि त्यासाठी या सोमवारची तारीख ठरली होती. दवाखान्याबाहेरूनच त्यानं ताईला फोन लावला. ताई दुसऱ्या गावी, तिचा संसार तिकडे. ती म्हणाली, "बाबांना नको सांगूस. हाय खातील. आपण आहोत ना ठरवायला." आणि त्यालाही ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा बरं वाटलं. त्याच संध्याकाळपासून तो बाबांशी जरा मोठ्यानं आणि जरा गोड बोलायला लागला होता. स्वतःचा तो आवाज ऐकू आला की त्याच्या हिरड्यांत काहीतरी आंबट झाल्यासारखं व्हायचं.

तक्रार त्याला गुरुवारी सापडली. अहवालाला जोडायला म्हणून त्या मशीनचा आधीचा इतिहास तो काढत होता. तक्रारींच्या यादीत बेचाळीस दिवसांपूर्वीची एक नोंद, नकाशे विभागातून आलेली. 'संगणक बंद करताना अपडेट होणार असल्यास आधी कळावे. किती वेळ लागेल तेही कळावे. मला वेळेवर निघणे जरुरीचे आहे.' आणि खाली शेरा, 'अपडेट सुरक्षेसाठी अनिवार्य. तक्रार निकाली.' तारीख. आद्याक्षरं त्याची. त्यानं ते तीनदा वाचलं. त्याला काहीच आठवत नव्हतं, आणि न आठवण्याचीच त्याला जास्त भीती वाटली. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्यानं म्हटलं असतं, बघा, किती कोरडा माणूस. 'निकाली' या शब्दाकडे तो बघत राहिला. रोज तो किती वेळा हा शब्द टाइप करत असेल? त्यासाठी त्यानं कीबोर्डवर दोन अक्षरांची खूण करून ठेवली होती. दोन अक्षरं दाबली की पूर्ण वाक्य उमटायचं. म्हणजे बाईंनी तीन वाक्यं लिहिली होती आणि त्यानं दोन अक्षरं. नोंद पुसून टाकणं त्याच्या हातात होतं. चौसष्ट मशीन ताब्यात असलेल्या माणसाला एक ओळ गायब करायला कितीसा वेळ लागतो. हात तिकडे गेलासुद्धा. मग त्यानं पडदाच बंद केला आणि जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्या मजल्यावर गेला.

बाई डबा खात होत्या. त्यानं शेजारची खुर्ची ओढली. "तुमच्या फायली मिळाल्या," तो म्हणाला. "शेवटच्या दिवसाचं अर्धं काम गेलं, बाकी सगळं आहे." बाईंनी मान हलवली. "आणि तुम्ही तक्रार केली होती. ती मी बंद केली. मला आठवतही नव्हतं." बाईंनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "त्या दिवशी काय झालं होतं?" त्यानं विचारलं. त्या सांगतील असं त्याला वाटलं नव्हतं. पण सांगितलं, त्याच्याकडे न बघता, नकाशातली वळणं सांगावीत तसं. त्यांना एक थोरली बहीण होती, अठ्ठावन्न वर्षांची, पण मनानं सात-आठ वर्षांची. दिवसा ती एका संस्थेच्या कार्यशाळेत पाकिटं चिकटवायला जायची, आणि संस्थेची गाडी तिला सहाला दहा कमी असताना कोपऱ्यावर सोडायची. तिथं बाई उभ्या असायच्या. बेचाळीस दिवसांपूर्वी पडद्यावर 'बंद करू नका' आलं आणि बाई थांबल्या. "लिहिलं होतं ना, बंद करू नका. मी आयुष्यात लिहिलेलं मोडलं नाही कधी. सव्वीस मिनिटं थांबले." गाडीवाल्याला वाटलं येतीलच, तो गेला. थोरली चालत मोठ्या चौकापर्यंत गेली. "तिला मी शिकवलंय, माझा हात धरल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही. मी पोचले तेव्हा ती फुटपाथच्या कडेला एक हात असा पुढे करून उभी होती. दिवा हिरवा व्हायचा, लाल व्हायचा, माणसं तिला ढकलून पुढे जायची, आणि ती तशीच उभी. कोण जाणे किती वेळा दिवा बदलला असेल." त्यांनी हात कसा पुढे केला होता ते करून दाखवलं आणि लगेच मागे घेतला. "म्हणून परवा मी थांबले नाही. पण तुमची वायर पायात येऊन कुणी पडायला नको, म्हणून गुंडाळून ठेवली."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"लिहिलं होतं की."

"तसं नाही. बहिणीचं."

बाईंनी डबा पिशवीत ठेवला. "एकदा कारण सांगितलं की लोक रोज विचारतात, कशी आहे बहीण? आणि विचारताना आवाज बदलतात. सोळा वर्षं मी इथं नुसती नकाशेवाली आहे. ते मला बरं वाटतं." मग जरा हसून त्या म्हणाल्या, "आणि खरं सांगू का, मला थांबायचं काही नाही हो. किती वेळ ते कळलं असतं तर मी दुपारीच करून घेतलं असतं. पडद्यावर तुमचं ते चक्र नुसतं फिरत बसतं. माणूस बघत बसतो, आता थांबेल, मग थांबेल."

जिना उतरताना त्याला दुकान आठवलं. तो दहा-अकरा वर्षांचा असेल. एक जाडजूड गृहस्थ कोट शिवायला आले होते आणि त्यांना हवी होती रुंद कॉलर, सुपाएवढी. बाबांनी सांगितलं, तुमची मान आखूड आहे, शोभणार नाही. गृहस्थ म्हणाले, मला तीच हवी. बाबांनी वहीत टिपून घेतलं, रुंद कॉलर. ते गेल्यावर त्यानं विचारलं होतं, बाबा, वाईट दिसेल हे माहीत आहे तर शिवता कशाला? बाबा खडूनं कापडावर रेघ मारत होते. "एकदा सांगायचं," ते म्हणाले होते. "दुसऱ्यांदा सांगितलं की तो सल्ला राहत नाही, दमदाटी होते. अंग त्याचं, कोट त्याचा." हे आठवल्यावर त्याला तळमजल्यावरच्या खोलीत जावंसं वाटेना. तो पायरीवर तसाच उभा राहिला. वरून कुणीतरी खाली आलं, कुणी खालून वर गेलं, आणि प्रत्येकानं विचारलं, काय झालं, आणि प्रत्येकाला तो म्हणाला, काही नाही.

शुक्रवारी त्यानं अहवाल दिला. दीड पान. त्यात प्लग काढल्याचं होतं, सूचना दिसत होती हेही होतं, आणि मग त्याखाली, ही सूचना वापरणाऱ्याला कुठलाच पर्याय देत नाही, तो पर्याय मी दोन वर्षांपूर्वी काढून टाकला, आणि याबाबत आलेली तक्रार मी कारण न विचारता बंद केली, असं होतं. तक्रारीची प्रत जोडलेली. बहिणीबद्दल अक्षर नव्हतं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोयस." "हो." "तुझ्या फायलीत नोंद जाईल." "जाऊ दे." मग त्यानं दुसरा कागद पुढे केला. मशीन बंद करताना तीन बटणं असतील: अपडेट करून बंद करा, नुसतं बंद करा, आणि उद्या दुपारच्या सुट्टीत करा. वर अंदाजे किती मिनिटं लागतील ते. सात दिवस पुढे ढकलता येईल. आठव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत होईलच, पण ते आदल्या दिवशी सांगून. साहेब म्हणाले, "सगळे नंतरच दाबतील. परत नऊ दिवस झाले म्हणजे?" "काही जण दाबतील. सात दिवसांचा धोका आहे, साहेब, तो मी नाही म्हणत नाही. पण चारशे अकराचा नाही." साहेबांनी कागद उलटसुलट केला. "ठीक. पण एक रकाना घाल. पुढे ढकलण्याचं कारण. दोन ओळी लिहिल्याशिवाय बटण चालायचं नाही." तो म्हणाला, "नको." साहेबांनी वर पाहिलं, वीस वर्षांत हा शब्द त्यानं या खोलीत वापरला नव्हता. "कारण मागितलं की लोक खोटं लिहितात, साहेब. मग आपल्याकडे चौसष्ट खोटी कारणं जमा होणार आणि ती कुणीतरी वाचत बसायची." साहेब हसले. वाचत बसायला कोण लागेल हे त्यांना माहीत होतं. रकाना गेला. त्यानं जे सांगितलं ते काही खरं कारण नव्हतं, आणि बाहेर आल्यावर त्याला वाटलं, हेच की, आपणसुद्धा खोटंच लिहिलं.

बाईंना लेखी समज मिळाली आणि कंत्राट पुढे चालू राहिलं. त्याच्या फायलीत नोंद गेली. नवी बटणं आली त्या आठवड्यात एकतीस जणांनी अपडेट पुढे ढकललं आणि तिघं आठव्या दिवशी सुट्टीत चिडले. आदल्या दिवशी सांगितलेलं त्यांनी वाचलंच नव्हतं. चारशे अकरावाल्यानं विचारलं, सात दिवसच का, आठ का नाही? सगळं सुतासारखं सरळ झालं असं काही नाही. नकाशेवाल्या बाई मात्र एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पंचवीस मिनिटं म्हणालं होतं, एकतीस लागली." तो ओशाळला. "चालतं हो," त्या म्हणाल्या, "अंदाज चुकला. खोटं नाही बोललं कुणी."

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारनंतरच्या शनिवारी, दुपारी, बाबा खिडकीशी बसून त्याच्या शर्टाचं बटण लावत होते आणि तो समोर बसला होता. सोमवारला दोन दिवस उरले होते. तो म्हणाला, "बाबा, ती सूज नाही. गाठ आहे. आतड्यात. वाईट आहे." सुई कापडात गेली, पलीकडून बाहेर आली, आणि बाबांनी दोरा पूर्ण ओढून घेतला. ताईनं म्हटलं होतं तशी त्यांनी हाय खाल्ली नाही. मला ठाऊकच होतं असंही ते म्हणाले नाहीत. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं, आणि ते बघणं त्याला जड गेलं. "कधी कळलं?" "तीन आठवडे झाले." "तुला." "मला आणि ताईला." बाबांनी दोरा दातानं तोडला. "म्हणजे तीन आठवडे तुम्ही दोघं माझ्या पोटाबद्दल बोलत होतात आणि मी इथं शेंगा निवडत होतो." आवाज चढला नव्हता. "फसवलंत असं नाही म्हणत मी. वगळलंत." शर्ट त्यांनी घडी करून त्याच्या मांडीवर ठेवला, आणि उठून आत गेले, आणि तासभर बाहेर आले नाहीत. तो शर्ट तसाच मांडीवर घेऊन बसला. हललो तर घडी मोडेल असं त्याला वाटत होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि गिऱ्हाईकाला विचारावं तसं एकेक विचारायला लागले. कापणार किती? दवाखान्यात किती दिवस? घरी आल्यावर किती? नाही केलं तर? तो सांगत गेला. जे माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणाला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला स्वतःचा नेहमीचा आवाज ऐकू आला. शेवटी बाबा म्हणाले, "करू. पण सोमवारी नको. त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी." त्याच्या जिभेवर 'का' आला. अगदी दातांपर्यंत. त्यानं तो गिळला, आणि म्हणाला, "डॉक्टर म्हणाले होते, जितकं लवकर तितकं बरं." "म्हणाले असतील. ऐकलं मी," बाबा म्हणाले. मग ते थांबले, आणखी एकदा सांगतोय का ते बघत असल्यासारखे. त्यानं सांगितलं नाही. बाबांनी फोन मागितला, दवाखान्याचा नंबर त्याच्याकडून लावून घेतला आणि फोनवर म्हातारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, स्वतःचं पूर्ण नाव आणि वय सांगून, तारीख बदलून घेतली. पलीकडच्या बाईनं काहीतरी विचारलं असावं. "तसंच," बाबा म्हणाले, "मला बदलायचीय म्हणून."

ताईचा फोन संध्याकाळी आला. "सांगितलंस? कुणाला विचारून?" ती रडायला लागली, मग त्याच्यावर चिडली, मग पुन्हा रडली. "आणि दहा दिवस कशाला पुढे?" "माहीत नाही." "तू विचारलं नाहीस?" "नाही." ती म्हणाली, "बाबांना दे." तो फोन देऊन स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला, म्हणजे ऐकू येऊ नये.

त्या दहा दिवसांत बाबा रोज सकाळी दहाला बाहेर पडायचे आणि बाराला परत यायचे. एकट्यानं. दोनदा बुटांना चिखल होता. एकदा खिशात बसची तिकिटं सापडली, धुण्याला टाकताना, आणि त्यानं ती न उलगडता टेबलावर ठेवली. संध्याकाळी ती तिथं नव्हती. कधी वाटायचं, जुन्या गिऱ्हाइकांना भेटत असतील. कधी वाटायचं, कुठल्या बागेत नुसते बसत असतील. कधी भीती वाटायची की या दहा दिवसांत ती गाठ वाढत असेल आणि आपण बघत बसलोय. एका रात्री जेवताना त्याला राहवलंच नाही, तोंड उघडलं, आणि मग तो म्हणाला, "मीठ?" बाबांनी मिठाचं भांडं सरकवलं. ते कुठं जायचे हे त्याला कळलं नाही. अजूनही माहीत नाही, आणि बाबा आहेत, बरे आहेत, विचारता येईल.

गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या खोलीत नर्स संमतीचा फॉर्म घेऊन आली आणि सवयीनं त्याच्यासमोर धरला. "नातेवाइकांनी इथं सही करायची." तो म्हणाला, "ते वाचतात. त्यांना द्या." नर्सनं बाबांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. बाबांनी चष्मा मागितला. हिरव्या दवाखानी सदऱ्यात ते पलंगावर ताठ बसले. सदऱ्याची बाही एका बाजूला दोन बोटं आखूड होती आणि ती ते अधूनमधून खाली ओढत होते. चार पानं होती. प्रत्येक पान त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, मागची बाजू कोरी आहे का तेही बघितलं. दारात स्ट्रेचरवाला येऊन उभा राहिला. नर्स म्हणाली, "आजोबा, वर डॉक्टर वाट बघतायत." "थोडं थांबा," त्यानं तिला हळूच सांगितलं. "किती वेळ?" तिनं विचारलं. त्यानं उरलेली पानं बघितली. "सात-आठ मिनिटं." ती उभी राहिली. बाबांनी एका ओळीवर बोट ठेवून तिला काहीतरी विचारलं, तिनं सांगितलं, त्यांनी मान हलवली. मग सही. पूर्ण नाव लिहिलं. फॉर्म परत देता देता त्यांनी तो मागे घेतला. वर लिहिलेली तारीख जुनी होती, त्या सोमवारची. कुणीतरी आधीच भरून ठेवलेली. बाबांनी पेन पुन्हा मागितलं, पट्टी लावल्यासारख्या एका सरळ रेघेनं ती खोडली, वर आजची घातली, आणि बाजूला, शिवणीच्या शेवटच्या टाक्याएवढी बारीक, आपली आद्याक्षरं लिहिली.